पश्चिमेचा वारा, पश्चिमेचे ऊन

रायगडच्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये पारा विदर्भासारखा चढत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागात कमाल तापमान बहुधा 32 ते 34 अंशांच्या आसपास असते. छळतो तो दमटपणा. हवेतच इतकी ओल असते की अंगावरचा घाम वाळत नाही आणि चार भिंतींच्या आत बसवत नाही. म्हणून उन्हाळ्यात इथला घरसंसार ओटीवरून अंगणात उतरतो. अंगण बसण्याजोगे करताना मात्र एक पेच सोडवावा लागतो. जमीन तापली की दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो पश्चिमेकडून. आणि कलते ऊन येते तेही पश्चिमेकडूनच. वाऱ्याला वाट द्यायची आणि उन्हाला अडवायचे, हे दोन्ही एकाच बाजूला साधावे लागते.

रेवदंडा, नागाव, दिवेआगर इथल्या जुन्या वस्तीत हा पेच बराचसा वाडीनेच सोडवलेला आहे. रस्त्याला लागून घर आणि समुद्राच्या अंगाला नारळ-पोफळीची वाडी, अशी रचना अनेक ठिकाणी दिसते. माड-पोफळीचे शेंडे उंचावर ऊन झेलतात, खालची उघडी खोडे वाऱ्याला अडवत नाहीत. आंबा-फणसाची सावली दाट असली तरी खाली झुकलेल्या फांद्या वारा कोंडतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग तालुक्यांतल्या असंख्य वाड्या आडव्या झाल्या. बागायतदारांचे उत्पन्न बुडालेच, पण घरांची पश्चिमही उघडी पडली. नव्या पोफळीला वाढायला वर्षे लागतात, आणि लहानपणी तिलाच केळीची सावली लागते.

वाडी नसेल तिथे मांडव. पावसाने उखडलेले अंगण आधी खणून सारखे करतात, पाणी शिंपडून चोपण्याने चोपतात आणि शेणाने सारवतात. मग मेढी रोवून त्यांवर बांबू किंवा चिरलेली पोफळ टाकायची आणि माडाच्या झावळ्या विणून केलेले झाप सुंभाने बांधायचे. झापाच्या फटींतून खालची गरम हवा वर निघून जाते. पत्र्याचे छप्पर स्वतःच तापते आणि खाली बसणाऱ्यालाही तापवते. खर्च करून उकाडा विकत घेण्याचा हा प्रकार आहे. मांडवाच्या पश्चिम कडेला एक-दोन झाप पडद्यासारखे, खाली कमरेएवढी मोकळी जागा ठेवून सोडले, की दुपार निभावते. संध्याकाळी ते गुंडाळून वर बांधता येतात.

जमिनीकडे सहसा दुर्लक्ष होते. सारवलेली जमीन अनवाणी पायांना सोसते. फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. रोज सारवण शक्य नसेल, तर निदान बसण्याचा कोपरा मातीचा ठेवावा आणि तिन्हीसांजेला त्यावर सडा घालावा. शनिवार-रविवारच्या बंगल्यांभोवतीची हिरवळ दिसायला छान, पण भर उन्हाळ्यात तिचा भार विहिरीवर पडतो. किनाऱ्यालगतच्या विहिरींचा उपसा वाढला, की समुद्राचे पाणी जमिनीखालून आत सरकते आणि विहीर मचूळ होते.

बसायला झोपाळा असेल तर उत्तम, कारण वारा पडला तरी तो हलवून थोडा वारा करता येतो. पण तो असतो ओटीवर. अंगणात बाज, बाकडे किंवा नुसती चटई पुरते. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, तेव्हा खुर्च्या-टेबले लाकडाची किंवा वेताची बरी. माडाखाली मात्र बाज टाकू नये. नारळ कधी पडेल याचा नेम नसतो. कुंडीत, आळ्यात मोगरा आणि अबोली, कडेला अनंत किंवा सोनचाफा लावला, की काळोख पडल्यावरही अंगण ओस वाटत नाही. कुंड्यांखालच्या बशांत आणि करवंट्यांत साचलेले पाणी ओतून टाकावे, नाहीतर डास बसू देत नाहीत.

हे अंगण केवळ आरामाचे नसते. आमसुले, आंब्याची साठे, पापड-कुरडया याच अंगणात, पण मांडवाबाहेरच्या उन्हात वाळतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा सावलीत वाऱ्यावर टांगल्या जातात. त्यामुळे मांडव सगळ्या अंगणावर घालत नाहीत, निम्मे उन्हाला मोकळे सोडतात. आल्यागेल्याला कोकम सरबत किंवा पन्हे मिळते ते याच जागेत, आणि वाळवण राखणारी मुलेही इथेच.

मृग लागण्याआधी मांडव उतरवायचा असतो. चांगले झाप पावसाची झड अडवायला पडवीला लागतात, जीर्ण झालेले बंबात जातात, आणि मेढी-बांबू पुढच्या वर्षासाठी गोठ्याच्या माळ्यावर चढतात.