कोळशाऐवजी लाकूड : चिमणीचा हिशेब आणि जंगलाचा हिशेब

‘झाड वाढताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि जळताना तेवढाच परत सोडते, म्हणून लाकूड जाळल्याने हवेतील या वायूचे प्रमाण वाढत नाही.’ कार्बनचक्र शिकवताना असे वाक्य आपण फळ्यावर अनेकदा लिहितो. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. त्यातून एक राशी निसटली आहे, ती म्हणजे काळ. ही राशी धरली की हिशेब किती बदलतो, ते इंग्लंडमधील एका जुन्या औष्णिक विद्युत केंद्राच्या उदाहरणावरून पाहू.

ड्रॅक्सचे केंद्र

उत्तर यॉर्कशायरमध्ये सेल्बी या गावाजवळ ड्रॅक्स नावाचे केंद्र आहे. त्याचे पहिले तीन संच १९७० च्या दशकात उभे राहिले, तर उरलेल्या तिघांचे काम १९८६ मध्ये पुरे झाले. प्रत्येक संच ६६० मेगावॉटचा, म्हणजे एकूण क्षमता ३,९६० मेगावॉट. एवढे मोठे कोळशाचे केंद्र ब्रिटनमध्ये दुसरे नव्हते. कोळसा जवळच्याच खाणींतून येई. पुढे सेल्बीच्या खाणी २००४ मध्ये बंद झाल्या. २००८ मध्ये ब्रिटनने कार्बन उत्सर्जन कमी करण्याचा कायदा केला. जुन्या केंद्रापुढे दोनच वाटा उरल्या : बंद होणे किंवा इंधन बदलणे. ड्रॅक्सने दुसरी वाट धरली. २०१३ ते २०१८ या काळात सहांपैकी चार संच एकामागून एक लाकडावर आणले गेले. उरलेल्या दोन संचांनी मार्च २०२१ पर्यंत कोळशावर नियमित वीज विकली आणि २०२३ मध्ये तेही कायमचे थांबले.

केंद्र मोडून न टाकता इंधन तेवढे बदलावे, हा विचार अभियंत्यांना का पटतो, हे समजणे अवघड नाही. अशा केंद्रात कोळसा दळून त्याची पिठासारखी भुकटी करतात आणि ती हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकतात. लाकडाची भुकटीही तशीच फुंकता येते. टर्बाइन, जनित्र, शीतक मनोरे आणि वीजवाहिन्या सगळे तेच राहते. शिवाय वारा पडला किंवा सूर्य मावळला तरी हे केंद्र चालू ठेवता येते.

इंधन बदलले की काय बदलते?

ओले लाकूड वाहून नेणे परवडत नाही. म्हणून ते वाळवून, भुसा करून, दाबाखाली त्याच्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या करतात. त्यांना पेलेट म्हणतात. ड्रॅक्सला लागणारे बहुतेक पेलेट अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आणि कॅनडातून जहाजाने येतात.

कोळशाचा ढीग पावसात उघडा पडून राहिला तरी चालतो. पेलेट भिजले की फुगतात आणि त्यांचा पुन्हा भुसा होतो. म्हणून ड्रॅक्सला चार प्रचंड घुमट बांधावे लागले. प्रत्येकात सुमारे ७५ हजार टन पेलेट मावतात. रेल्वेचे डबेही झाकलेले लागतात. साठवलेले पेलेट आतल्या आत तापतात, त्यामुळे तापमानावर सतत लक्ष ठेवावे लागते. टेम्स नदीकाठच्या टिलबरी येथील केंद्र असेच लाकडावर आणले होते. तेथे फेब्रुवारी २०१२ मध्ये पेलेटच्या साठ्याला मोठी आग लागली होती.

लाकडाचे फायदेही आहेत. त्यात गंधक फार थोडे असते आणि राखही कोळशापेक्षा पुष्कळच कमी पडते.

फळ्यावरचे गणित

आता एक युनिट वीज, म्हणजे ३.६ मेगाज्यूल, तयार करू. केंद्राची कार्यक्षमता ३८ टक्के धरली तर इंधनातून सुमारे ९.५ मेगाज्यूल उष्णता मिळायला हवी. चांगल्या कोळशाच्या एका किलोग्रॅमपासून सुमारे २५ मेगाज्यूल मिळतात, पेलेटपासून सुमारे १७. म्हणजे एका युनिटला कोळसा ०.३८ किलोग्रॅम लागेल, तर पेलेट ०.५६ किलोग्रॅम. ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालवायचा तर जवळजवळ ३७० टन पेलेट हवेत!

चिमणीतून काय बाहेर पडते तेही पाहू. एक मेगाज्यूल उष्णतेमागे कोळशापासून सुमारे ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि लाकडापासून सुमारे ११२ ग्रॅम. म्हणजे एका युनिटमागे कोळशाचा ९०० ग्रॅम, तर लाकडाचा १,०६० ग्रॅम. विद्यार्थ्यांना याचे आश्चर्य वाटेल. कारण साधे आहे. कोरड्या लाकडाच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन असतो. त्यातील कार्बन जणू थोडासा ‘आधीच जळालेला’ असतो, म्हणून त्याच्यापासून उष्णता कमी मिळते.

तेव्हा चिमणीपाशी उभे राहून पाहिले तर लाकूड कोळशापेक्षा वाईटच ठरते. त्याची बाजू सावरते ती जंगलात.

उसनवारी कधी फिटते?

तीस वर्षे वाढलेले झाड बॉयलरमध्ये क्षणात जळून जाते. त्याच्या जागी लावलेले रोप तेवढाच कार्बन पुन्हा गोळा करायला आणखी सुमारे तीस वर्षे घेते. मधल्या काळात तो वायू हवेतच असतो आणि पृथ्वी तापवत असतो. ही निसर्गाकडून केलेली उसनवारी आहे. ती फिटू शकते, पण मुदत किती हा खरा प्रश्न आहे.

मुदत ठरते ती लाकूड कोठून आले यावर. सॉ मिलमधला भुसा काही वर्षांत कुजलाच असता; तो जाळला तर उसनवारी लवकर फिटते. याउलट जे झाड तोडले नसते तर वाढतच राहिले असते, ते जाळले तर ती फिटायला कित्येक दशके लागतात. संपूर्ण जंगलातील लाकडाचा साठा कायम राहिला तर नुकसान नाही, असे लाकडाचे समर्थक म्हणतात. टीकाकार विचारतात : तोड झाली नसती तर तो साठा वाढला नसता का?

हिशेबाच्या रीतीमुळे गोंधळ आणखी वाढतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लाकडातील कार्बनची नोंद झाड जेथे तुटले त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात होते. तीच नोंद दोनदा होऊ नये म्हणून चिमणीपाशी शून्य लिहितात. हे शून्य वाचून ‘उत्सर्जनच नाही’ असा अर्थ काढणे चूक आहे, असे टिमथी सर्चिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. ड्रॅक्सबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या करारानुसार २०२७ ते २०३१ या काळात केंद्राला मिळणारे अनुदान जवळजवळ निम्मे होईल आणि ते क्षमतेच्या २७ टक्क्यांपेक्षा जास्त चालवता येणार नाही.

आपल्याकडे

भारतातही २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशात ५ टक्के जैवभार मिसळण्याचे धोरण जाहीर केले. येथे भर लाकडावर नसून शेतातील काडीकचऱ्यावर आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. भाताचा पेंढा एका हंगामात वाढतो, त्यामुळे उसनवारी वर्षभरात फिटते. आपले साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात तेही याच तत्त्वावर. पण शेतातले सगळेच टाकाऊ नसते. विदर्भातली पऱ्हाटी पुष्कळदा बांधावर जाळली जाते. ज्वारीचा कडबा मात्र गुरांचे अन्न आहे. तो बॉयलरमध्ये गेला तर गुरांनी काय खायचे?

म्हणून वर्गात हा विषय निघाला की विद्यार्थ्यांना आपल्या गावातील जळणाची यादी करायला सांगावी आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहावेत : हे वाढायला किती वर्षे लागली? जाळले नसते तर याचे काय झाले असते? ते किती लांबून आणले? या तीन उत्तरांवरून कोणते जळण खरोखर ‘हिरवे’ आहे हे मुले स्वतःच ठरवू शकतील. फळ्यावरच्या त्या वाक्यात ‘किती वर्षांत’ हे दोन शब्द कोठे घालायचे, तेही मग त्यांनाच सुचेल.