नगर रोडवरचे डी नोबिली : पोपच्या नात्याचं खरं किती?

शिरूरहून एसटीने पुण्याला येताना खराडी मागे पडली की रामवाडीच्या आसपास रस्त्याला लागून झाडीतला एक मोठा परिसर लागतो. पेपल सेमिनरी, डी नोबिली कॉलेज, ज्ञानदीप विद्यापीठ अशा संस्था इथे शेजारी शेजारी आहेत. नावातल्या 'कॉलेज'वर जाऊन तिथे अकरावीच्या प्रवेशाची चौकशी करायला जाऊ नये. डी नोबिली कॉलेज म्हणजे जेझुइट पंथात पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांचं राहण्याचं ठिकाण. शिकायला ते शेजारच्या ज्ञानदीपमध्ये जातात. पेपल सेमिनरी मात्र खरोखरच पोपने काढलेली आहे. तेरावे लिओ यांनी ती 1893 मध्ये श्रीलंकेतल्या कँडी इथे सुरू केली आणि 1955 मध्ये ती पुण्याला आली.

ज्यांचं नाव त्या कॉलेजला दिलं ते रॉबेर्तो डी नोबिली 1577 मध्ये जन्मलेले इटालियन सरदारपुत्र. 1605 मध्ये ते गोव्याला उतरले, पुढच्याच वर्षी मदुराईला गेले आणि 1656 मध्ये मैलापूरला वारले. त्यांच्याविषयी पहिलं जे सांगितलं जातं ते म्हणजे, हा पोपचा पुतण्या, त्यामुळे वरून आशीर्वाद होता, म्हणून वाटेल ते करू शकला.

आता नातं बघू. पोप तिसरे ज्युलियस यांची बहीण नोबिली घराण्यात दिली होती. या पोपनी सोयऱ्याधायऱ्यांचं भलं करण्यात हात आखडता घेतला नाही. बहिणीच्या नातवाला, त्याचंही नाव रॉबेर्तोच, त्यांनी 1553 मध्ये कार्डिनल केलं. मुलगा तेव्हा 12 वर्षांचा होता, सतराव्या वर्षी तो वारला. खुद्द ज्युलियस मार्च 1555 मध्ये गेले. म्हणजे आपले डी नोबिली जन्मले तेव्हा 'पोप आजोबां'ना जाऊन 22 वर्षं झाली होती. दुसरा धागा कार्डिनल बेलार्मिन यांचा. ते डी नोबिलींच्या नात्यातले, आणि बेलार्मिन यांचे सख्खे मामा पोप दुसरे मार्सेलस. पण या मामांना गादी लाभली तीन आठवडे. 9 एप्रिल 1555 ला निवड, 1 मे ला मृत्यू.

इथे आपल्याकडच्या वाचकाची एक गफलत होते. गादी म्हटली की चिंचवडच्या देव घराण्यासारखी बापाकडून मुलाकडे जाणारी परंपरा डोळ्यांसमोर येते. पोपपद तसं वतन नाही. कार्डिनल मंडळी मतदान करून पोप निवडतात. एक पोप गेला की त्याच्या नातलगांचं वजन बहुतेक वेळा त्याच्याबरोबरच उतरतं. म्हणूनच तर जो तो पोप हयातीतच भाच्या-पुतण्यांची सोय लावून घेई. हा प्रकार इतका माजला की 1692 मध्ये बाराव्या इनोसंट यांनी फर्मान काढून त्याला आळा घातला.

घरच्यांनी डी नोबिलींना भारतात पाठवलं, हेही खरं नाही. त्यांनी संन्यास घेणं घरच्यांना मान्यच नव्हतं. ते घर सोडून नेपल्सला गेले आणि तिथे जेझुइट झाले. शिवाय गोव्यात रोमच्या नात्यागोत्याला फारशी किंमत नव्हती. तिथलं धर्मखातं पोर्तुगालच्या राजाच्या मर्जीवर चाले. बिशप कोण हे राजा सुचवी.

मग डी नोबिलींनी मदुराईत केलं काय? भगवी वस्त्रं, खडावा, शाकाहारी जेवण, ब्राह्मण स्वयंपाकी. तमिळ आणि तेलुगू ते शिकले, शिवधर्म नावाच्या ब्राह्मण पंडिताकडून संस्कृत. 'युरोपियनांनी ब्राह्मण असल्याची बतावणी केली' हा आरोप इथून येतो, आणि तो निम्मा खरा आहे. सुरुवातीला त्यांनी स्वतःला रोमच्या राजकुळातला, म्हणजे क्षत्रिय म्हणवलं. आपण परंगी नाही, असं ताडपत्रावर लिहून त्यांनी घराच्या दारावर लावलं. परंगी म्हणजे पोर्तुगीज फिरंगी, गोमांस खाणारा, मद्य पिणारा, शिवाशिव न पाळणारा. पुढे मात्र ते ब्राह्मण संन्यासी गुरूसारखेच राहिले, अंगावर जानवंही घातलं. त्याच गावातले वयस्क पोर्तुगीज पाद्री गोन्सालो फर्नांडिस यांच्याशी उघड ऊठबसही त्यांनी टाळली. फर्नांडिस चिडले आणि 1610 मध्ये त्यांची तक्रार वर गेली. माझ्या मते डी नोबिलींच्या चरित्रातला अवघड भाग हाच आहे. भाषा आणि वेष त्यांनी प्रामाणिकपणे उचलले, पण त्याबरोबर सोवळंओवळंही उचललं.

नात्याची खरी परीक्षा या तक्रारीने झाली. डी नोबिली हिंदू झाले अशी आवई रोमला पोचली, तेव्हा बेलार्मिन यांनी पाठीशी घालण्याऐवजी दुःखाने पत्र लिहिलं. खुलासा मिळाल्यावरच ते डी नोबिलींच्या बाजूने झाले. 1619 मध्ये गोव्यात आर्चबिशपच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि बहुमत विरोधात गेलं. प्रकरण रोमला गेलं. 31 जानेवारी 1623 रोजी पंधरावे ग्रेगरी यांनी शेंडी, जानवं, गंध आणि स्नान यांना अंधश्रद्धा वगळून परवानगी दिली. त्याच पत्रात, उच्च कुळाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी खालच्यांना तुच्छ लेखू नये, अशी विनवणीही होती. निकाल लागला तेव्हा बेलार्मिन यांना जाऊन सोळा महिने झाले होते, आणि निकाल देणारे ग्रेगरी ना नोबिलींचे, ना ज्युलियस यांच्या घराण्यातले. ओळखीने दार उघडलं असेल, पण कौल युक्तिवादावर मिळाला. हा कौल टिकलाही नाही. 1744 मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी या प्रथांवर कडक निर्बंध घातले.

आणखी एक जुना आळ. 'डी नोबिलींनी खोटा यजुर्वेद रचला.' हे पुस्तक म्हणजे 'एझूर्वेदम'. 1760 मध्ये त्याचं हस्तलिखित व्हॉल्टेअरच्या हाती आलं आणि प्राचीन भारतीय ज्ञान म्हणून त्यांनी ते डोक्यावर घेतलं. एलिस या इंग्रज अधिकाऱ्याने पुदुच्चेरीतली हस्तलिखितं तपासून डी नोबिलींचं नाव घेतलं, 1822 मध्ये ते छापून आलं आणि तेच चिकटलं. पण मजकूर फ्रेंचमध्ये आहे. लुडो रोशे यांच्या 1984 च्या अभ्यासाने तो अठराव्या शतकातल्या फ्रेंच जेझुइटांकडे नेला, म्हणजे डी नोबिलींच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. त्यांचं स्वतःचं लेखन मुख्यतः तमिळमध्ये आहे.

शेवटी घरचं. शिरूर-दौंडकडे 'मिशन' म्हटलं की सगळं पोपच्या हाताखालचं, असा सरसकट समज असतो. शिरूरला एकोणिसाव्या शतकात काम केलं ते अमेरिकन मराठी मिशनने. ते प्रोटेस्टंट; पोपची सत्ता ते मानतच नाहीत. दौंड तालुक्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंचं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो अँग्लिकन चर्चमध्ये, आणि पुढे त्यांनी स्वतःला कुठल्याच चर्चच्या दावणीला बांधून घेतलं नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ भाषांतून मराठी बायबल सिद्ध केलं आणि 1922 मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, ते काम पुरं केलं. त्यासाठी त्यांनी रोमची परवानगी मागितली नव्हती, आणि मागण्याचा प्रश्नही नव्हता.