पेशीविभाजनाची प्रथिने आणि रोग्याचे भवितव्य

यकृतात तयार होणारे पित्त नलिकांवाटे आतड्यात उतरते. या नलिकांच्या अस्तरात उद्भवणारा कर्करोग विरळ असला, तरी अत्यंत घातक होय. ईशान्य थायलंडमध्ये मात्र तो फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. कच्च्या माशांतून शरीरात शिरणारा यकृतकृमी हे त्याचे तेथील प्रमुख कारण आहे. गाठीमुळे पित्ताची वाट अडली की कावीळ होते. परंतु तोपर्यंत रोग बहुधा पुढे गेलेला असतो. गाठ समूळ काढून टाकणे हाच रोगमुक्तीचा मुख्य मार्ग. तथापि शस्त्रक्रियेनंतरही अनेकांत रोग उलटतो. तो कोणात उलटेल, हे आधी कळेल काय?

या प्रश्नाचे उत्तर पेशींच्या विभाजनात शोधले जात आहे. निरोगी पेशी ठरावीक क्रमाने वाढते, आपल्या गुणसूत्रांची प्रत काढते आणि मग दुभंगते. या क्रमाला पेशीचक्र म्हणतात. १९८२ साली टिम हंट यांना समुद्री साळूच्या अंड्यांत प्रत्येक विभाजनाबरोबर वाढणारे व नाहीसे होणारे प्रथिन आढळले. त्याला 'सायक्लिन' हे नाव मिळाले. पेशीचक्राविषयीच्या संशोधनाबद्दल हंट, लेलँड हार्टवेल व पॉल नर्स यांना २००१ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. सायक्लिने चक्राला गती देतात, तर पी-२७ सारखी प्रथिने त्याला लगाम घालतात. कर्करोगात हा तोल बिघडतो.

रायपूर येथे १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. अशा मोठ्या रुग्णालयांत काढलेली गाठ विकृतिविज्ञान विभागाकडे जाते. तेथे ती मेणात बसवून तिचे अतिशय पातळ काप घेतात. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड कापावर सोडले, की ते प्रथिन असलेल्या पेशी रंगून दिसतात. जर्मनीतील कील येथे १९८३ साली ओळखले गेलेले की-६७ हे प्रथिन विभाजनाच्या मार्गावरील पेशींत असते. विश्रांत पेशींत ते नसते. म्हणून शंभर पेशींपैकी किती रंगल्या, यावरून गाठीच्या वाढीचा वेग अजमावता येतो.

पित्तनलिकेच्या कर्करोगात सायक्लिन डी-१ वाढलेले किंवा पी-२७ घटलेले असता रोगी कमी काळ जगतात, असे काही अभ्यासांत दिसून आले आहे. परंतु रोग विरळ असल्याने असे अभ्यास बहुधा थोड्या रोग्यांवर झालेले असतात. किती पेशी रंगल्या म्हणजे प्रमाण जास्त मानावे, याविषयीही एकवाक्यता नाही. अंतःस्रावी चेतापेशींच्या गाठींची श्रेणी ठरविताना की-६७ ची टक्केवारी प्रमाण मानली जाते. तसे स्थान या रोगात अद्याप कोणत्याही पेशीचक्र-प्रथिनाला मिळालेले नाही. येथे गाठीचा विस्तार, लसिका ग्रंथींतील प्रसार आणि कापलेली कड रोगमुक्त आहे की नाही, यांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. अशा चाचणीतून निघणारे अनुमान रोग्यांच्या समूहाला लागू पडते. त्यावरून एखाद्या व्यक्तीचे उरलेले दिवस मोजता येत नाहीत. समान टक्केवारीचे दोन रोगी अगदी भिन्न काळ जगू शकतात. 'आता किती दिवस?' असे नातेवाईक विचारतात, तेव्हा रंगलेल्या पेशींची संख्या हे त्याचे उत्तर नव्हे. कोणत्या रोग्यावर अधिक बारकाईने लक्ष ठेवावे, हे ठरविण्यास ती उद्या साहाय्यभूत ठरली, तरी तिचे मोल थोडे नसेल.