आधी रात्रपाळी बघा, खोली नंतर

पुण्यात किंवा ठाण्यात एखाद्या हॉस्पिटलात नाव घातलेलं असतं, तपासण्या तिथंच चालू असतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकतं आणि मुलगी सोनोग्राफीचे रिपोर्ट पिशवीत घालून साताऱ्याला, लातूरला नाहीतर जळगावला माहेरी निघते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज नोकरी, फ्लॅट, हप्ते या सगळ्यांना पुरून उरला आहे. गंमत अशी, की पार्किंग आहे का, सोनोग्राफी तिथंच होते का, मॅडम नीट बोलतात का, ही सगळी पारख होते ती बाळ जिथं जन्मणारच नाही त्या हॉस्पिटलची. जिथं ते जन्मणार, ते हॉस्पिटल आईनं एका वाक्यात ठरवून टाकलेलं असतं : ‘‘आपल्या ओळखीचे डॉक्टर आहेत गं, तुझ्या वेळेला मीही त्यांच्याकडंच होते.’’

ओळख वाईट नव्हे. अडल्या वेळी फोन उचलणारा डॉक्टर मोठ्या शहरात सहजी मिळत नाही. पण तीस वर्षांपूर्वी पस्तिशीत असलेले ते डॉक्टर आता पासष्टीला आले आहेत, याचा हिशेब या वाक्यात नसतो. रात्रीच्या केसेस आता कोण बघतं, हे विचारलेलंही नसतं.

आजीच्या काळात प्रश्नच वेगळा होता. सुईण की दवाखाना, एवढाच. मुंबईत कामा हॉस्पिटल 1886 मध्ये सुरू झालं, गिरणगावातल्या बायकांसाठी परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह 1926 मध्ये उभं राहिलं, तरी खेड्यापाड्यांत बाळंतपण पुढं कित्येक दशकं घरच्या अंधाऱ्या खोलीतच होत राहिलं. आता तो वाद संपला आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. उरला तो ‘कुठल्या दवाखान्यात’ हा प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधताना लोक बहुधा खोलीपासून सुरुवात करतात. एसी आहे का, सोबतच्या माणसाला झोपायला काय, टीव्ही आहे का.

खोलीत बाई दोन-तीन दिवस राहते. सिझर झालं तर चार-पाच. सगळा जीव असतो तो लेबर रूममधल्या काही तासांत. पहिलटकरणीला वेळ लागतो, हे घरातल्या बायका सांगतात ते खरंच आहे. पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना ठोकताळा प्रत्येकीला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा धरायचा आणि पहिलटकरणीला तिथून पुढं बारा तासांपर्यंत लागू शकतात, असं त्यात आहे. इतके तास कुणीतरी जाणतं माणूस शेजारी हवं. बाळाचे ठोके ऐकायचे, कळा मोजायच्या, बाईचं बीपी बघायचं आणि ते सगळं वेळच्या वेळी कागदावर उतरवायचं. हे काम रात्री दोन वाजता कोण करतं, यावर हॉस्पिटलची खरी प्रत ठरते.

म्हणून बाह्यरुग्ण विभागात मॅडमना भेटून झालं, की सरळ विचारावं : रात्री इथं कोण असतं? अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रीचे निवासी डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात आणि स्त्रीरोगतज्ज्ञ वरच्या मजल्यावर किंवा पाच मिनिटांच्या अंतरावर राहतात. यात लपवण्यासारखं काही नाही. निम्मा महाराष्ट्र असाच जन्मला असेल. पण वरचा मजला वेगळा आणि गावाबाहेरचा बंगला वेगळा. डॉक्टर परगावी गेले तर त्यांच्या जागी कोण येतं, त्याचं नाव सांगता यायला हवं. ‘‘बघू, करू काहीतरी’’ हे उत्तर मिळालं तर दुसरं हॉस्पिटल बघावं.

दुसरा प्रश्न भूलतज्ज्ञाचा. बाळाचे ठोके एकदम कमी झाले तर तातडीचं सिझर करावं लागतं आणि निर्णय झाल्यापासून साधारण तीस मिनिटांत बाळ बाहेर यावं, असा मापदंड डॉक्टर मंडळी धरतात. मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ चोवीस तास हजर असतो. तालुक्याच्या गावी मात्र मोजकेच भूलतज्ज्ञ सगळ्या ऑपरेशन थिएटरांमध्ये फिरत असतात. एकाच वेळी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं तर काय, हे तिथल्या डॉक्टरांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. विचारलं तर सांगतात. एपिड्युरल देऊन वेदना कमी करण्याची सोय हवी असेल तर हाच प्रश्न आणखी महत्त्वाचा होतो. जाहिरातीतलं ‘वेदनारहित प्रसूती’ रात्रीही मिळतं का, हे विचारून घ्यावं.

मग रक्त. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातामृत्यूंचं एक प्रमुख कारण आहे आणि तो कुणाला होईल हे आधी सांगता येतंच असं नाही. नऊ महिने सगळे रिपोर्ट चांगले आलेल्या बाईलाही तो होतो. महाराष्ट्राची कामगिरी या बाबतीत बरी आहे : 2018-20 च्या आकडेवारीत दर लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 मातांचा मृत्यू झाला, महाराष्ट्रात 33. तरी तेहतीस म्हणजे शून्य नव्हे. रक्तपेढी किंवा रक्त साठवणूक केंद्र किती अंतरावर आहे, रात्री तिथून पिशवी आणायला किती वेळ लागतो, याचं उत्तर मिनिटांत मिळायला हवं. आईचा गट आरएच निगेटिव्ह असेल तर जास्तच. तिला अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. पहिलं इंजेक्शन शहरात आणि दुसरं माहेरी, अशी वाटणी झाली की फाइल हाताशी नसल्यानं घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.

बाळाकडं बघायला बालरोगतज्ज्ञ जन्माच्या वेळी हजर असतो का, की ‘गरज पडली तर बोलावतो’? बाळ रडलं नाही तर पहिला मिनिट सोन्याचा असतो, त्यामुळं निदान प्रशिक्षित परिचारिका तरी तिथं हवीच. आणि ‘काचेच्या पेटी’ची वेळ आली तर? नवजात अतिदक्षता कक्ष त्याच इमारतीत असेल तर उत्तम. नसेल तर बाळ एका हॉस्पिटलात, टाके घातलेली आई दुसऱ्या हॉस्पिटलात आणि बाप मधल्या रस्त्यावर, अशी तीन दिवसांची ओढाताण होते. त्यात पहिल्या दुधाचा बोजवारा उडतो, तो वेगळाच. जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशु कक्षांत हे उपचार मोफत होतात, हे पांढरपेशा घरांत अनेकांना ठाऊकच नसतं.

आता सिझरचा विषय, ज्यावर लग्नाच्या पंगतीतही मतं ऐकायला मिळतात. 2019-21 च्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात 21.5 टक्के बाळंतपणं सिझरनं झाल्याचं दिसतं. सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के आणि खासगीत 47.4. महाराष्ट्राचा एकूण आकडा 25.4. तेलंगणात तो 60.7 पर्यंत गेला आहे. लोकसंख्येच्या पातळीवर दहा टक्क्यांपुढं सिझर वाढलं म्हणून मृत्यू कमी होताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये सांगितलं. खासगीतली तफावत केवळ पेशंटच्या प्रकृतीनं समजावता येणार नाही, एवढं उघड आहे.

पण नुसती टक्केवारी विचारून हॉस्पिटलची पारख होत नाही. जिथं अवघड केसेस पाठवल्या जातात तिथं सिझर जास्तच होणार. यासाठी मायकेल रॉब्सन या डॉक्टरांनी 2001 मध्ये दहा गटांची पद्धत सुचवली आणि आता ती जगभर वापरली जाते. त्यातला पहिला गट म्हणजे पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले आणि कळा आपोआप सुरू झालेल्या. विचारायचं ते एवढंच : अशा बायकांपैकी कितीजणींचं सिझर होतं? ज्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या आहेत ते आकडा सांगतात. काही जण चिडतात. चिडण्यावरूनही बरंच कळतं.

डॉक्टरांची बाजूही आहे. एकट्या डॉक्टरनं चालवलेल्या नर्सिंग होममध्ये बारा तास कळांची वाट बघायची म्हणजे दुसऱ्या दिवशीची ओपीडी गेली. काही बिनसलं तर काचा फुटण्याची भीती. त्यात बाहेर बसलेले नातेवाईकच मुलीचं ओरडणं ऐकून ‘‘कापा एकदाचं, पण मोकळी करा’’ म्हणून आग्रह धरतात. मुहूर्त काढून आणणारे तर आणखी वेगळे. कारण नसताना एकोणचाळीस आठवड्यांच्या आत ठरवून सिझर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, हे पंचांगात लिहिलेलं नसतं.

सोबतीला कोण थांबणार, हेही आधी ठरवावं. सरकारी दवाखान्यांत लेबर रूममध्ये जवळची एक बाई सोबत असू द्यावी, असं केंद्र सरकारनं 2016 मध्येच सांगितलं आणि जिथं आडोसा आहे तिथं नवऱ्यालाही मुभा दिली. सोबत सतत असेल तर बाळंतपण सुलभ होतं, याला संशोधनाचा आधार आहे. खासगीत मात्र अनेक ठिकाणी ‘आत कुणी यायचं नाही’ हाच नियम. का, ते लेबर रूम पाहिल्यावर कळतं : दोन टेबलं, मध्ये एक पडदा. ती खोली आधी दाखवायला सांगावी. तिथं बाळाला ऊब देणारं यंत्र आहे का, ऑक्सिजन कुठं आहे, शौचालय किती दूर आहे, हे दोन मिनिटांत नजरेत भरतं.

पैशांचं बोलताना मराठी माणूस अवघडतो आणि तिथंच फसतो. ‘नॉर्मल पॅकेज’, ‘सिझर पॅकेज’ असा छापील कागद मिळतो. त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं : भूलतज्ज्ञांची फी वेगळी, बालरोगतज्ज्ञांच्या भेटी वेगळ्या, औषधं आणि रक्त वेगळं, नवजात कक्ष दिवसाच्या दरानं. एकेक ओळ बोटानं दाखवून विचारावी. आपल्याकडं शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा 1949 पासून आहे आणि 2021 मध्ये सुधारलेल्या त्याच्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद हॉस्पिटलनं दर्शनी भागात लावायची आहे. विम्यावर विसंबणाऱ्यांनी पॉलिसी आजच काढून वाचावी. वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणासाठी दोन ते चार वर्षांची प्रतीक्षा असू शकते. दिवस गेल्यावर काढलेली पॉलिसी या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. कंपनीच्या सामूहिक विम्यात ही अट बहुधा नसते, पण रकमेला मर्यादा असते.

सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की नाकं मुरडली जातात. गर्दी, स्वच्छता, ओरडणाऱ्या मावशी या तक्रारी खोट्या नाहीत. पण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता स्त्रीरोग विभागाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तपेढी सगळं एका आवारात असतं. खासगीतल्या हाताबाहेर गेलेल्या केसेस ससून किंवा घाटीकडं येतात त्या यामुळंच. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसह बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त आणि घरून नेणं-आणणं मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जोखीम असलेल्या बाईनं तरी नाक मुरडण्याआधी एकदा तिथं जाऊन यावं.

लेबर रूमच्या दर्जासाठी सरकारी दवाखान्यांना ‘लक्ष्य’ आणि खासगींना स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ संघटनेचं ‘मान्यता’ हे प्रमाणपत्र मिळतं. ‘मान्यता’मध्ये सोळा निकष तपासले जातात. यांपैकी एखादं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं तर चांगली खूण समजावी.

माहेर लांब असेल तर अंतराचा हिशेब वेगळा करावा लागतो. दिलेली तारीख ही अंदाजाची. त्याच दिवशी बाळंत होणाऱ्या बायका थोड्याच. घाटापलीकडचं गाव आणि पावसाचे दिवस असतील तर शेवटचे आठ-दहा दिवस हॉस्पिटल असलेल्या गावात मावशीकडं, आत्याकडं मुक्काम हलवावा. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांत सरकारनं नेमकं हेच केलं आहे. तिथं आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ आहे आणि तारखेच्या काही दिवस आधी बाई तिथं येऊन राहते.

शहरातून निघताना फाइल पूर्ण असावी : रक्तगट, सगळ्या सोनोग्राफी, साखर, थायरॉइड, दिलेली इंजेक्शनं, चालू गोळ्या. माहेरच्या डॉक्टरांना दुखायला लागल्यावर पहिल्यांदा भेटू नये. सातव्या महिन्यापर्यंत एकदा जाऊन यावं, नाव घालावं, प्रश्न विचारून घ्यावेत. आणि एक प्रश्न बाळाच्या बाजूनंही विचारावा : तासाभरात अंगावर पाजायला देता का? 2019-21 च्या सर्वेक्षणात देशात जेमतेम 41.8 टक्के बाळांनाच पहिल्या तासात आईचं दूध मिळाल्याचं दिसतं. दुधाच्या डब्यांचा प्रचार हॉस्पिटलांत करायला 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी कुठल्या टेबलावर कसली पोस्टर्स आहेत ते बघून घ्यावं.

घरी सोडताना कागद नीट मोजून घ्यावेत. डिस्चार्ज कार्डावर बाळाचं जन्मवजन, वेळ आणि बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी या लसींची नोंद हवी. जन्माची नोंद बाळ जिथं जन्मलं तिथल्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते, आईबाप राहतात तिथं नव्हे. हॉस्पिटलनं 21 दिवसांच्या आत ती कळवायची असते. आईबापांच्या नावांचं स्पेलिंग आधारकार्डाशी जुळवून हॉस्पिटलच्या फॉर्मवर घालूनच माहेर सोडावं. नंतर त्या एका अक्षरासाठी पुण्याहून लातूरला रजा टाकून जावं लागतं.