भाटघरच्या काठची हिरवाई आणि उपग्रहाची आणेवारी

भाटघर जलाशयाच्या काठच्या भातखाचरांत पीक कितपत आहे, याचा अदमास महसुली अंमलदार नजर आणेवारीने बांधीत आले. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते व निकट-अवरक्त किरण परतविते, या निसर्गनियमाच्या आधारे उपग्रहही तो अदमास बांधतो. या दोन परावर्तनांच्या वजाबाकीस बेरजेने भागले म्हणजे एनडीव्हीआय हा हिरवाईचा निर्देशांक मिळतो. पाण्यावर तो बहुधा ऋण, म्हणून पाणी ओसरून गाळपेर उगवली की आकडा धन होतो. त्यावरून शोषित प्रकाश अजमावून, शास्त्रज्ञ माँटिथ यांनी १९७२ साली दाखविलेल्या मार्गाने, वनस्पतींनी बांधलेल्या कार्बनाचा हिशेब मांडता येतो. मात्र मोडिस या उपग्रहावरील संवेदकाच्या ५०० मीटरांच्या चौकोनात पाणी, खाचर, कातळ सारेच मिसळते आणि ऐन श्रावणात ढग हटत नाहीत. सबब मी सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरांची, आश्विनातली चित्रेच प्रमाण मानतो.