डोळ्यातला घड

सप्टेंबर उजाडला की इंदापूर तालुक्यातल्या द्राक्षबागांतून मोटारसायकलींवर बांधलेली एक चमत्कारिक गाठोडी बारामतीच्या वाटेला लागतात. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या त्या वेलीच्या काड्या असतात. प्रयोगशाळेत एकेका काडीवरचा एकेक डोळा पात्याने कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते कागदावर लिहून देतात. याला आमच्याकडे ‘काडी तपासणी’ म्हणतात. ऑक्टोबरच्या फळछाटणीला कात्री कुठे लावायची हे त्या कागदावर ठरते, आणि द्राक्षाचे पीक आमच्याकडे वर्षातून एकदाच येते. हा कागद मीही बरीच वर्षे आणत होतो. दोन वर्षांपूर्वी भाच्याने अंगठ्याएवढ्या जाडीचा एक डिजिटल सूक्ष्मदर्शक घरी आणला. तो फोनला आणि संगणकाला जोडण्याच्या खटपटीतून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

ज्यांनी द्राक्षे फक्त खाल्ली आहेत त्यांच्यासाठी आधी डोळ्याविषयी. काडीच्या प्रत्येक पेरावर पानाच्या बगलेत जो फुगवटा असतो तो डोळा. वरून एक दिसला तरी त्याच्या आत एक मुख्य आणि दोन राखीव असे तीन कोंब दडलेले असतात. ऑक्टोबरमध्ये छाटल्यावर जो घड बाहेर पडतो, तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत या डोळ्यात घडून गेलेला असतो. त्या दिवसांत ऊन कमी पडले, आभाळ भरून राहिले, नत्र जास्त होऊन वेल माजली, तर घड होऊ शकला असता अशा कोंबाची बाळी होते. बाळी म्हणजे वेलीचा आधार धरणारा तो कुरळा तंतू. घड आणि बाळी मुळात एकाच अंकुराची दोन रूपे आहेत, आणि कोणते रूप घ्यायचे याचा निर्णय पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या नकळत, मिलिमीटरहूनही लहान जागेत होतो.

डोळ्याचा पातळ आडवा काप घेतला की बाहेरची तपकिरी खवले, त्यांच्या आत मऊ लव आणि मधोमध मुख्य कोंब दिसतो. घड असेल तर तिथे हिरवट-पांढरा दाणेदार गोळा असतो. एखादे सीताफळ मोहरीहून लहान व्हावे तसा. बाळी असेल तर गुळगुळीत, दोन-तीन फाट्यांचे टोक.

एका वर्षी मी या तपासणीवर विसंबून तोंडघशी पडलो. दोष तपासणाऱ्यांचा नव्हता. काड्या नेताना मी त्या विहिरीशेजारच्या, उन्हातल्या चार ओळींतून कापल्या होत्या. हाताशी त्याच होत्या. अहवाल आला, सहावा-सातवा डोळा चांगला. आम्ही अख्खी बाग सातव्यावर छाटली. कात्री चालली आणि वरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लागली, की मग मागे फिरता येत नाही. कालव्याकडच्या खोलगट भागात, जिथे पाणी साचून वेली माजतात आणि पानांची दाटी होते, तिथे बाळ्याच बाळ्या निघाल्या. एक तृतीयांश बाग वर्षभर नुसती हिरवी राहिली. मजुरी मात्र तिलाही तेवढीच लागली. अहवाल त्या काड्यांपुरता खराच होता. फक्त त्यातले मी काही पाहिले नव्हते, म्हणून त्याला प्रश्न विचारायचे मला सुचले नाही.

आता जोडणीकडे येतो. हे उपकरण म्हणजे नळीत बसवलेला छोटा कॅमेरा, पुढे भिंग आणि भोवती पांढऱ्या दिव्यांचे कडे. डोळा लावायची जागाच त्याला नाही. पडदा जोडल्याशिवाय त्यातून काही दिसत नाही. सोबत एक सीडी आली होती आणि घरात सीडी चालवणारे यंत्र उरले नव्हते, तेव्हा पहिली संध्याकाळ त्या चिंतेत गेली. तिची गरजच नव्हती. यूएसबीवरून चित्र पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी २००३ साली एक सामाईक भाषा ठरली, तिला यूव्हीसी म्हणतात. ती बोलणारे कोणतेही उपकरण संगणकाला साधा वेबकॅमच वाटते. विंडोजमधले ‘कॅमेरा’ उघडायचे आणि कॅमेरा बदलण्याचे चिन्ह दाबायचे; लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा आधी समोर येतो आणि आपलेच तोंड दिसते म्हणून गोंधळ होतो. काळा पडदाच राहिला तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची परवानगी बंद आहे का ते पाहावे.

चित्र अडखळत असेल तर त्यामागे साधा हिशेब आहे. यूएसबी २ च्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त ४८ कोटी बिट जातात. १६०० बाय १२०० ठिपक्यांचे चित्र न दाबता सेकंदाला तीस वेळा पाठवायचे तर सुमारे ९२ कोटी लागतात. म्हणून उपकरण एकतर चित्र दाबून पाठवते, नाहीतर सावकाश. नेम धरताना ६४० बाय ४८० वर ठेवावे आणि फोटो काढताना मोठे करावे.

फोनचे प्रकरण जास्त किचकट. अँड्रॉइड फोनला ओटीजी जोड लागतो, म्हणजे फोन स्वतः यजमान होऊन उपकरणाला वीज देतो. काही फोनांत ओटीजी सेटिंगमधून चालू करावे लागते आणि थोडा वेळ वापरले नाही की ते आपोआप बंद होते. आमचे दोन दिवस यातच गेले. तिसऱ्या दिवशी कळले की वापरत असलेली तार फक्त चार्जिंगची होती, तिच्यात माहिती नेणाऱ्या तारा नव्हत्याच. हे सगळे जमले तरी फोनचे नेहमीचे कॅमेरा ॲप बहुधा बाहेरचा कॅमेरा ओळखत नाही. त्यासाठी यूएसबी कॅमेऱ्याचे वेगळे ॲप घ्यावे लागते. आयफोनवाल्यांनी तारेचा नाद सोडावा आणि वायफायचा सूक्ष्मदर्शक घ्यावा. तो स्वतःचेच वायफाय सोडतो आणि फोन त्याला जोडायचा. मात्र त्या वायफायवर इंटरनेट नसते, म्हणून फोन शहाणपणा करून परत मोबाइल डेटावर जातो आणि चित्र गायब होते. डेटा तेवढ्यापुरता बंद करायचा, फोटो काढून घ्यायचे आणि मग जोडणी सोडून पाठवायचे. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, आणि नेमके दाणेच पुसट होतात.

खोक्यावर १००० पट लिहिलेले असते, तिकडे लक्ष देऊ नये. चार मिलिमीटरचा भाग ३० सेंटिमीटर रुंद पडद्यावर भरला तर ती ७५ पट वाढ झाली. तोच आडव्या धरलेल्या १४ सेंटिमीटरच्या फोनवर ३५ पट. पडदा बदलला की आकडा बदलतो, तपशील मात्र तेवढाच राहतो. त्यापेक्षा प्रत्येक फोटोबरोबर, भिंगाचे चाक न हलवता, पोलादी पट्टीचा एक फोटो काढून ठेवावा. मिलिमीटरची रेघ शेजारी असली की वाद मिटतात. दिव्यांच्या कड्यावर पातळ टिश्यू कागद लावला तर ओल्या कापावरची चकाकी जाते. आणि स्टँड हवाच. हातात धरलेल्या नळीतून फक्त आपली नाडी दिसते.

या उपकरणाची मर्यादा डाळिंबवाल्यांनी ओळखून असावी. निमगाव केतकीकडचे एक पाहुणे तेल्याचे डाग असलेले फळ घेऊन आले. डागाची चीर सुंदर दिसली, पण तेल्याचा जीवाणू एक-दोन मायक्रॉनचा; तो या भिंगातून दिसणे शक्य नाही. फुलकिडे, कोळी, पानामागची डाऊनीची पांढरी झाडोऱ्यासारखी वाढ आणि तिच्याशी गल्लत होणारे फवारणीचे वाळलेले डाग, इथपर्यंत त्याची धाव.

मग प्रयोगशाळेच्या चांगल्या सूक्ष्मदर्शकापुढे याचे मोल काय? मला वाटते, ते पडद्यात आहे. डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६७६ साली पाण्यातल्या सूक्ष्म जीवांविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले, तेव्हा त्याच्यावर सहजी विश्वास बसला नाही. त्याचे एका भिंगाचे यंत्र डोळ्याला चिकटवून धरावे लागे. एका वेळी एकच माणूस पाहणार, बाकीच्यांनी ऐकायचे. पुढल्या वर्षी त्याला गावातल्या आठ प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठवाव्या लागल्या, आणि रॉबर्ट हूकने सभासदांना ते जीव प्रत्यक्ष दाखवल्यावरच बोलणी मिटली. पाहणारा एक आणि ऐकणारे अनेक ही व्यवस्था आमच्या काडी तपासणीपर्यंत तशीच चालत आली होती.

गेल्या सप्टेंबरात ओसरीत लॅपटॉप मांडून आम्ही काप पाहायला बसलो, तेव्हा छाटणीच्या टोळीचा मुकादम आणि तीन बायका सहज येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर ज्यावर कात्री चालवली त्याच्या आत काय असते ते त्यांनी प्रथमच पाहिले. त्यातल्या एकीने दोन काप पाहून तिसऱ्याला बाळी ओळखली. मुकादम म्हणाला, ‘‘अण्णा, ही काडी कालव्याकडची दिसतीय. तिकडं सबकेनच्या गाठीपासलाच डोळा धरतो. पुढं पोकळ असतंय.’’ हे त्याला आधीपासून ठाऊक होते का, असे मी विचारले. हाताला जाणवायचे, म्हणाला. पण कागदावर सातवा लिहिलेला असायचा.

त्या भागात आम्ही गाठीजवळ छाटले. तिथे घड आले, माथ्यावरच्यापेक्षा कमी, पण आले.

यंदा खोलगट भागातल्या बारा आणि माथ्यावरच्या बारा काड्या वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या बांधून कापल्या. कापलेला डोळा दुसऱ्यांदा कापता येत नाही, म्हणून प्रत्येक वेलीची एक काडी घरी ठेवली आणि दुसरी बारामतीला नेली. दोन वेलींबाबत आमचे आणि प्रयोगशाळेचे जुळले नाही. आमच्या कापांचे फोटो, पट्टीसकट, मी त्यांना पाठवले आहेत. छाटणीला अजून अठरा दिवस आहेत.