खाऱ्या पाण्याच्या अॅक्वेरियमचा खळखळाट : कारण आणि इलाज

अॅक्वेरियम बसवून दिले, पैसे हाती पडले आणि काम संपले, असे समजणाऱ्या कारागिराला आठ दिवसांत गिऱ्हाइकाचा फोन येतो. मासे छान आहेत, रोषणाई छान आहे, पण रात्री झोप लागत नाही. खालच्या कपाटातून नळ उघडा राहिल्यासारखा आवाज येतो. काही महिन्यांनी दुसरी तक्रार येते : बिजागऱ्या गंजल्या, प्लाय फुगला. खाऱ्या पाण्याच्या अॅक्वेरियममध्ये काच, सुतारकाम, नळकाम आणि वीज अशा चार हुन्नरांचा संबंध येतो. चौघांपैकी एकाची चूक झाली, तरी बोल चौघांनाही लागतो. म्हणून हा आवाज आणि हे शिंतोडे कशामुळे होतात, हे प्रत्येकाने समजून घ्यावे.

पाणी फिरते कसे?

वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा एक उभा खण असतो. टाकीतील पाणी त्याच्या कडेवरून ओसंडून खणात पडते आणि तळाच्या छिद्रातून पाईपने कपाटातील खालच्या टाकीत उतरते. या खालच्या टाकीलाच धंद्यात 'संप' म्हणतात. तेथे कचरा गाळला जातो, स्किमर फेसाबरोबर घाण बाहेर काढतो आणि शेवटच्या कप्प्यातील मोटार स्वच्छ पाणी परत वर फेकते.

आवाज मुख्यतः पाण्याचा नसतो. तो पाण्यात मिसळलेल्या हवेचा असतो. स्वयंपाकघरातील सिंक भरलेले असताना पाणी मुकाट्याने जाते. शेवटचे पाणी हवेसह जाऊ लागले की घुर्र आवाज होतो. अॅक्वेरियमच्या पाईपमध्ये तोच प्रकार दिवसरात्र चालतो. हीच हवा पाईपच्या तोंडाशी बुडबुड्यांनी फुटते आणि शिंतोडे उडवते. तेव्हा हवेला वेगळी वाट द्यावी, नाहीतर तिला पाईपमध्ये शिरूच देऊ नये. सगळे इलाज या दोनच गोष्टींतून निघतात.

छिद्र एकच असेल तर

खणातील उभ्या पाईपच्या डोक्यावर टी जोडावा, त्याच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो लावावा आणि टीच्या वरच्या टोपणाला बारीक छिद्र पाडावे. पाणी एल्बोतून शिरते आणि हवेला छिद्राची वाट मिळते. ही रचना डर्सो नावाच्या अमेरिकन हौशी माणसाच्या नावाने ओळखली जाते. छिद्र लहान असेल तर खणातील पाणी एकदम खाली ओढले जाते, पुन्हा भरते, आणि ठरावीक वेळाने घोट घेतल्यासारखा आवाज येत राहतो. तेव्हा छिद्र थोडे थोडे वाढवत आवाज बंद होईपर्यंत जुळवावे. पाईपची उंची अशी ठेवावी की कडेवरून खणात पडणारे पाणी दोन-तीन इंचांपेक्षा जास्त खाली पडणार नाही.

एकाच पाईपवर व्हॉल्व्ह लावून पाणी अडवण्याचा मोह मात्र टाळावा. एखादी गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा व्हॉल्व्हमध्ये अडकला, तर मोटार पाणी वर फेकतच राहते आणि ते दिवाणखान्यात सांडते.

छिद्रे दोन असतील तर

नवीन टाकी बनवताना काचेला दोन छिद्रे पाडून घ्यावीत. एक पाईप मुख्य आणि दुसरा संकटकाळचा. मुख्य पाईपचे तोंड खणातील पाण्याखाली खोल ठेवून त्यावर जाळी बसवावी, आणि खालच्या भागात व्हॉल्व्ह लावावा. व्हॉल्व्ह हळूहळू आवळत नेला की खणातील पाणी चढते, पाईप पूर्ण भरून वाहतो, हवा शिरत नाही आणि आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मोटार सुरू केल्यावर पहिले मिनिटभर हवा बाहेर पडताना गडबड होईल, त्याने घाबरू नये. बारीक जुळवणीसाठी बॉल व्हॉल्व्हपेक्षा चाकाचा गेट व्हॉल्व्ह बरा. दुसऱ्या पाईपचे तोंड खणातील पाण्याच्या थोडे वर ठेवावे आणि त्यावर व्हॉल्व्ह कधीही लावू नये.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टफन केलेल्या काचेला नंतर छिद्र पाडता येत नाही, ती फुटते. छिद्रांची बात काचवाल्याशी आधीच पक्की करावी. दुसरे, व्हॉल्व्ह पितळी नको, प्लॅस्टिकचाच हवा. पितळेत तांबे असते आणि पाण्यात उतरलेले तांबे कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना मारक ठरते.

खालच्या टाकीतील बंदोबस्त

उतरत्या पाईपचे तोंड पाण्याच्या वर असेल तर धबधबा होणारच. ते सुमारे एक इंच पाण्यात बुडवावे. फार खोल बुडवले तर पाईपमधील हवेला बाहेर पडता येत नाही आणि गुडगुड वाढते. तोंडावर कापडी गाळणपिशवी बांधली तर बुडबुडे तिच्यातच विरतात, मात्र पिशवी दर तीन-चार दिवसांनी धुवावी लागते.

कप्प्यांमधील काचांवरून पाणी उंचावरून पडू देऊ नये. शेवटच्या कप्प्यातील पाणी बाष्पीभवनाने कमी झाले की तेथे धबधबा सुरू होतो आणि मोटार हवा ओढू लागते. पातळीची खूण करून ठेवावी आणि रोज तेवढे पाणी भरावे. हे पाणी गोडेच हवे, कारण उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते.

मोटारीची घरघर वेगळी. तिच्याखाली फोमचा तुकडा ठेवावा आणि मोटार व पाईप यांच्यामध्ये मऊ सिलिकॉनची नळी जोडावी, म्हणजे कंप कपाटाच्या फळ्यांपर्यंत पोहोचत नाही. जुनी मोटार आवाज करू लागली तर ती व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात चालवून धुवावी. पुष्कळदा आत साचलेला चुनाच तिचा दोष असतो.

मीठ आणि वीज

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उडालेला थेंब वाळतो आणि मीठ तेथेच चिकटते. ते पुन्हा ओल धरते, लोखंड गंजवते आणि सॉकेटमध्ये शिरले तर आग किंवा शॉकचे कारण होते. खालच्या टाकीवर अॅक्रिलिकचे झाकण ठेवावे, पण हवेला फट राहू द्यावी. सॉकेट टाकीच्या खाली किंवा शेजारी खालच्या बाजूला नको, वरच्या अंगाला वेगळ्या फळीवर हवे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे थेंब झोळावरून गळून पडेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावल्याशिवाय काम सुपूर्द करू नये.

वीज गेली तर?

मोटार थांबताच वरचे थोडे पाणी खाली येते. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकीतील पाणी एक इंच उतरले, तर अर्धा घनफूट म्हणजे सुमारे १४ लिटर पाणी येते. खालची टाकी तीन फूट बाय एक फूट असेल, तर तेवढ्याने तिची पातळी दोन इंच चढते. खणातील आणि पाईपमधील पाणी वेगळेच. इतकी जागा रिकामी ठेवलेली असावी. परतीच्या पाईपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बारीक छिद्र पाडावे, म्हणजे हवा शिरून उलटी ओढ तुटते. त्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये. त्यात मीठ किंवा कचरा बसला की तो नीट मिटत नाही.

सुपूर्द करण्यापूर्वी अॅक्वेरियम एक रात्र चालवून पाहावे. मेन स्विच बंद करून पाणी सांडते का ते पाहावे. मग मुख्य पाईपचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटून दुसरा पाईप सगळे पाणी वाहून नेतो का, हेही पाहावे. त्या दुसऱ्या पाईपचे खालचे तोंड मात्र मुद्दाम पाण्याच्या वर ठेवावे. एरवी तो गप्प असतो. मुख्य पाईप तुंबला की तोच मोठ्याने वाजून घरच्यांना जागे करतो. बाकी सारे आवाज बंद करावेत, हा एक राखून ठेवावा आणि त्याचा अर्थ गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावा.